धारवाड, कोल्हापूर की भूतरामनहट्टी

पदवीचा निकाल लागला की माझ्याकडे मुले येऊ लागतात. बेळगावच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतरही जुन्या विद्यार्थ्यांनी माझ्या घराचा पत्ता नव्यांना देऊन ठेवला आहे. प्रश्न बहुधा एकच असतो: ‘मॅडम, एम.एस्सी.ला धारवाडला जाऊ, कोल्हापूरला जाऊ, की भूतरामनहट्टीलाच बरं?’ धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ. सोबत वडील आले असतील तर फी किती, वसतिगृह मिळेल का आणि पुढे नोकरीचे काय, हे त्यांचे प्रश्न ठरलेले. आईला मेसच्या जेवणाची आणि रात्री वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते याची काळजी. हे सगळे रास्त आहे आणि त्याची उत्तरे माहितीपत्रकात सापडतात. मुलांना जे विचारायचे असते ते मात्र आईवडिलांसमोर विचारता येत नाही. मी फाटकापर्यंत सोडायला गेले की ते हळूच बाहेर पडते: ‘तिथं वातावरण कसं आहे हो, मॅडम?’

या प्रश्नाचे उत्तर मी आजवर उभ्याउभ्या, तुकड्यातुकड्यांनी दिले आहे. ते एकदा बसून सलग लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या भागात विद्यापीठ ही गोष्ट फार काळ कागदावरच राहिली. माझ्या माहेरच्या ट्रंकेत तीन पिढ्यांची पदवी-प्रमाणपत्रे आहेत. वडिलांनी लिंगराज महाविद्यालयातून बी.ए. केले, त्यावर मुंबई विद्यापीठाची मोहोर आहे; माझ्या बी.एस्सी.वर कर्नाटक विद्यापीठाची आणि भाचीच्या पदवीवर राणी चन्नम्मा विद्यापीठाची. गाव तेच, कॉलेजेही तीच, फक्त मोहोर बदलत गेली. १९३३ साली लिंगराज आणि १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते, म्हणून परीक्षा मुंबईची. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ निघाले आणि लवकरच धारवाडला आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पण धारवाडशी जोडलेली नाळ २०१० पर्यंत टिकली. त्या वर्षी धारवाडचे बेळगावातील पदव्युत्तर केंद्र, जे १९८२ पासून चालू होते, त्याचेच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. वडिलांनी मुंबई विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिले नाही. तिथला राजाबाई टॉवर त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता.

यात वडिलांचा दोष नव्हता. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे काढली गेली, ती लंडन विद्यापीठाच्या घडणीवर बेतलेली होती: शिकवायचे काम कॉलेजांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. शिकवणे आणि संशोधन एकाच छताखाली असावे, जो नवे शोधतो त्यानेच शिकवावे, ही कल्पना १८१० मध्ये बर्लिनच्या विद्यापीठाने रुजवली होती, पण आपल्याकडे तिला वाट मिळाली ती १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतःचे अध्यापन करण्याची मुभा दिल्यानंतर. संलग्नतेची जुनी पद्धत आजही चालूच आहे. पदवीपर्यंतच्या मुलाला विद्यापीठ भेटते ते हॉल तिकीट, प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रिका या तीन रूपांत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आमच्याच खानापूर रस्त्यावर मच्छे येथे आहे आणि कर्नाटकभरची अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. तरीही अभियांत्रिकीच्या बहुतेक मुलांना त्याची ओळख वेळापत्रक आणि निकाल यांपलीकडे नसते. म्हणून एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी विभागात दाखल होणारा आमच्याकडचा मुलगा खऱ्या अर्थाने पहिल्यांदाच विद्यापीठात जात असतो. त्याचे कुतूहल त्यामुळे समजण्यासारखे आहे.

मी धारवाडला गेले ती ऐंशीच्या दशकात. बेळगावहून दोन तासांचा प्रवास, वाटेत कित्तूर, आणि गावाबाहेर टेकडीवर पसरलेले ते आवार. त्याला आकार दिला डी. सी. पावटे यांनी. ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातले, केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले. १९५४ ते १९६७ ते कुलगुरू होते आणि नंतर पंजाबचे राज्यपाल झाले. कोल्हापूरला हेच काम इतिहासकार आप्पासाहेब पवारांनी केले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि पवार पहिले कुलगुरू म्हणून सागरमाळावर उजाड जमिनीत विद्यापीठ उभे करायला लागले. एक गणिती आणि एक इतिहासकार, पण दोघांनी एक गोष्ट सारखी केली: सगळे विभाग एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर ठेवले. वरवर ही सोयीची बाब दिसते. प्रत्यक्षात वनस्पतिशास्त्राच्या मुलीला ग्रंथालयात जाताना रसायनशास्त्राच्या दारावरून आणि इतिहासाच्या व्हरांड्यातून जावे लागते, फलकावर लावलेल्या व्याख्यानाची सूचना दिसते, आणि आपल्या विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या व्याख्यानाला ती मागच्या बाकावर जाऊन बसते. कन्नड शिलालेखांवरचे पहिले व्याख्यान मी असेच ऐकले. त्यातले निम्मे मला कळले नाही, पण दगडावरचे अक्षर कोणत्या शतकातले हे वळणावरून सांगता येते एवढे कळले आणि तेवढ्याने मी पुढच्याही व्याख्यानाला गेले.

अध्यापनाबद्दल बोलायचे तर कॉलेजातले शिक्षक वाईट शिकवतात आणि विद्यापीठातले चांगले, असे मुळीच नाही. उलट नीटनेटके, परीक्षेला उपयोगी पडेल असे शिकवण्यात कॉलेजचे अध्यापक पुष्कळदा सरस असतात, आणि हे मी स्वतः कॉलेजात होते म्हणून म्हणत नाही. फरक दुसरीकडे आहे. कॉलेजात अभ्यासक्रम पुरा करायचा असतो आणि पुस्तकात जे आहे ते निश्चित आहे असे धरून चालायचे असते. धारवाडला पहिल्याच सत्रात आमचे एक प्राध्यापक गवतांच्या वर्गीकरणावर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले की या दोन जाती खरोखर दोन आहेत की एकच, याबद्दल माझे अजून ठरलेले नाही. पावसाळा संपला की पुन्हा जाऊन पाहणार आहे. आमच्यातल्या काहींनी वहीत पुढे काय लिहायचे या विचाराने एकमेकांकडे पाहिले. मला मात्र त्या वाक्याने जागेवर खिळवून ठेवले. शिकवणारा माणूस स्वतः त्या विषयात अजून चाचपडतो आहे, आणि ते तो लपवत नाही, हे मी तोवर कधी पाहिले नव्हते. ऑक्टोबरात त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो.

माझे मत असे झाले आहे की विद्यापीठाकडे मुले ओढली जातात ती याच गोष्टीने. शिकवणे, संशोधन आणि आवारातले जगणे हे माहितीपत्रकात वेगवेगळ्या पानांवर छापलेले असते, पण विद्यार्थ्याला ते वेगळे जाणवत नाही. अपुरे राहिलेले ज्ञान जवळून बघायला मिळणे आणि त्यात आपलाही हात लागू शकतो असे वाटणे, हे मूळ आकर्षण. बाकीच्या गोष्टी त्याच्या भोवती येतात.

याचे एक उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. पश्चिम घाटात कंदीलपुष्प नावाची वेल आहे. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. पावसाळ्यात ती फुलते. फूल तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या शेंड्याशी जुळून पिंजऱ्यासारख्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली नळी उभी चिरली की आतले केस दिसतात, आणि ते सगळे खाली रोखलेले असतात. वासाने आलेली बारीक माशी आत उतरू शकते, पण या केसांमुळे तिला वर चढता येत नाही. काही काळ ती तळाशी अडकून पडते आणि तिच्या अंगाला परागपुंज चिकटतात. मग केस सुकून मऊ पडतात, वाट मोकळी होते आणि माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. भारतातल्या कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच सापडतात, त्यातल्या काही अगदी मोजक्या ठिकाणी उरल्या आहेत. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वेलींचा दीर्घकाळ अभ्यास केला, दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या आणि पुन्हा रानात लावण्याचे काम हाती घेतले.

माझा एक विद्यार्थी खानापूर तालुक्यातल्या रानाकडचा होता. एका विद्यापीठात तो एम.एस्सी.ला गेला आणि पहिल्याच वर्षी विभागात ही वेल कुंडीत पाहून अवघडून म्हणाला, ‘सर, ही तर खरपुडी. आम्ही गुरं राखताना हिचे कंद खणून खाल्लेत.’ वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि विचारायला लागले: कुठल्या माळावर, कुठल्या महिन्यात, कंद केवढा असायचा, आता पूर्वीइतके मिळतात का, पाने रुंद होती की निमुळती. तो आठवेल तसे सांगत गेला आणि प्राध्यापक लिहून घेत गेले. कंद खाल्ले जाणे हे या वेली कमी होण्याचे एक कारण आहे, त्यामुळे त्याची माहिती खरोखर उपयोगाची होती. सुट्टीत तो घरी आला तेव्हा मला भेटायला आला आणि तासभर फक्त हेच बोलत होता. त्याला कोणी शाबासकी दिली नव्हती. आपल्या शिवारात आपण जे पायाखाली तुडवले त्यावर शहरातली माणसे वर्षानुवर्षे विचार करत आहेत, आणि त्या विचाराला आपल्याला काही देता येते, एवढेच त्याला नव्याने समजले होते. त्यानंतर तो विभागातून हलला नाही; पीएच.डी. करूनच बाहेर पडला.

संशोधन म्हटले की पालकांना मोठी यंत्रे आणि परदेश आठवतो. कोल्हापूरच्या पदार्थविज्ञान विभागाचे नाव झाले ते पातळ थरांच्या अभ्यासावर. काचेची पट्टी रसायनात बुडवून तिच्यावर धातूच्या संयुगाचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्याचे गुणधर्म तपासायचे, ही पद्धत स्वस्त आहे; थर चढवायला बीकर, पाण्याचे तापमान सांभाळण्याची सोय आणि भरपूर चिकाटी पुरते. हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांतून काय होऊ शकते हे ओळखून विषय निवडण्यात त्या लोकांचे शहाणपण होते. इतिहास विभागाचेही तसेच. आप्पासाहेब पवारांनी ताराबाईंच्या काळातील कागदपत्रे संपादित करून छापली, आणि आमच्या सीमाभागात आजही कित्येक घरांच्या माळ्यावर मोडीतले कागद फडक्यात बांधून पडले आहेत. चिकोडीकडच्या एका मुलीने आजोबांच्या इनामाचा कागद विभागात नेऊन वाचून घेतला आणि मग स्वतःच मोडी शिकली.

आता आवारातल्या जगण्याकडे येते, कारण फाटकाजवळचा प्रश्न मुख्यतः त्याबद्दलच असतो. मुलांना वाटते की मी युवा महोत्सव, स्नेहसंमेलन, कट्टा, चहा यांबद्दल सांगेन. ते सगळे असते आणि चांगले असते. युवा महोत्सवात एकांकिकेसाठी रात्ररात्र जागलेली मुले पुढे जन्मभराचे मित्र होतात. पण मुलींना मी वेगळे सांगते. निपाणी, संकेश्वर, खानापूर किंवा बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलीला दिवेलागणीनंतर एकटीने चालता येईल अशी जागा आयुष्यात किती मिळते? मला धारवाडला ती पहिल्यांदा मिळाली. रात्री ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंत झाडांखालून चालत जायचे, सोबत कोणी नाही, आणि कुठे चाललीस हे विचारणाराही कोणी नाही. त्या रस्त्यावर मी जेवढा विचार केला तेवढा वर्गात केला नसेन. कोल्हापूरच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात अभ्यासाला बसणाऱ्या मुलींशी बोलताना मला तीच गोष्ट पुन्हा ऐकू येते. घरी त्यांना खोली नसते, टेबल नसते, आणि पुस्तक उघडले की कोणीतरी हाक मारते. ग्रंथालयातली एक खुर्ची सलग चार तास आपली असणे ही त्यांच्या दृष्टीने चैन आहे.

पैशाचा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांना मी ‘कमवा आणि शिका’ योजनेबद्दल सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ही योजना शिवाजी विद्यापीठाने आवारात चालवली. रोज ठरावीक तास काम करायचे आणि त्यावर राहण्याजेवण्याचा भार हलका करायचा. काहींना कमीपणा वाटतो. ज्यांनी ती केली त्यांना मी नंतर कधी तक्रार करताना ऐकले नाही.

भाषेचा विषय टाळून चालणार नाही. धारवाडला वर्गात इंग्रजी, मेसमध्ये कन्नड आणि खोलीत मराठी, असे माझे दिवस गेले. शाळेत जे कन्नड रडतखडत शिकले ते ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मागता मागता वर्षभरात सहज बोलता येऊ लागले. कोल्हापूरला गेलेल्या आमच्या मुलांची कथा निराळी. तिथे सगळीकडे मराठी, पण यांचे ‘बघ की’, ‘होय की’ आणि मध्येच घुसणारा कन्नड शब्द ऐकून सातारा-सांगलीची मुले सुरुवातीला चेष्टा करतात. ती फार दिवस टिकत नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. सीमाभागातल्या शाळेतून झालेले शिक्षण, तिथले वास्तव्य आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले जोडावे लागतात. राणी चन्नम्मा विद्यापीठातही मराठी विभाग आहे, आणि घरी राहून, सकाळच्या बसने भूतरामनहट्टीला जाऊन मराठीत एम.ए. करता येते, ही अनेक मुलींच्या बाबतीत शिक्षण चालू राहण्याची एकमेव वाट असते. कुठले विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे यावरून निवड करू नका, असे मी सांगते. घरात या बोलण्यावर भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे.

सगळेच गोड नाही. एका विभागात प्राध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या आणि बाकीचे तासिका तत्त्वावर. एका प्रयोगशाळेत वर्षभर साधे रसायन नव्हते म्हणून मुलांनी वर्गणी काढली. एकीचा मौखिक परीक्षेचा दिवस मिळता मिळता वर्ष उलटले. ही गाऱ्हाणी मी ऐकत आले आहे, आणि ती कुणा एका विद्यापीठाची नाहीत. तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही या विवंचनेत असतो, तो विद्यार्थ्याला तीन वर्षांचा प्रश्न कसा देणार? प्रवेशद्वारावर मूल्यांकनाची श्रेणी लिहिलेला मोठा फलक लावून हे झाकत नाही. पहिल्या वर्षी मुले फलक पाहून येतील, दुसऱ्या वर्षी विभाग पाहून राहतील किंवा निघून जातील. शिवाय धोरणांची उलथापालथ आहेच. कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी झाली. मधल्या तुकड्यांतल्या मुलांना पुढे कुठे काय चालेल हे समजावताना माझीही दमछाक झाली.

विद्यापीठाचे नेमके काय आवडते हे मुलांना स्वतःलाच कळले ते २०२० मध्ये, सगळे बंद झाल्यावर. व्याख्याने मोबाइलवर होत होती, नोट्स येत होत्या, परीक्षाही कशाबशा झाल्या. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली मुले रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसत. त्या काळात मला फोन करणाऱ्यांपैकी कोणीही व्याख्यान बुडाल्याची खंत केली नाही. त्यांना तास संपल्यावरची पंधरा मिनिटे हवी होती, ज्यात सर हातातला खडू ठेवता ठेवता खरी गोष्ट सांगतात. ज्येष्ठ संशोधक ताईच्या टेबलाशी उभे राहून तिचा प्रयोग का फसला हे ऐकायचे होते. आणि रात्री मेसच्या पायऱ्यांवर बसून त्यावर वाद घालायचा होता. व्याख्यानाची चित्रफीत करता येते, या गोष्टींची करता येत नाही.

म्हणून आताशा मी मुलांना सल्ला देत नाही, जाऊन पाहायला सांगते. कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. विभागात जाऊन पीएच.डी. करणाऱ्याला विचारा की सध्या काय अडले आहे. तो उत्साहाने सांगत सुटला तर विभाग जिवंत आहे, आणि ‘काही नाही, चाललंय’ म्हणाला तर समजा. ग्रंथालयात नव्या नियतकालिकांचे मांडणे पाहा, त्यावरची धूळ पाहा. मेसमध्ये एक वेळ जेवा. मुलींनी मुलींच्या वसतिगृहात जाऊन तिथल्या मुलींशीच बोलावे, अधीक्षकांशी नव्हे.

यंदा येळ्ळूरची एक मुलगी अशी तिन्ही ठिकाणी जाऊन आली. परत आल्यावर तिने फी आणि बसच्या वेळा सांगायला सुरुवात केली आणि मध्येच ते सोडून म्हणाली, ‘मॅडम, कोल्हापूरला एक ताई आहेत, त्या चार वर्षं एकाच गवतावर काम करालेत. मला त्यांनी बी दाखवलं, एवढं एवढंसं, आणि म्हणाल्या ते उगवतच नाही, का ते कळत नाही.’ अर्ज तिने भरला आहे. तिच्या वडिलांचे मात्र वसतिगृहाच्या फीवर अडले आहे, आणि भूतरामनहट्टीची बस दारावरून जात असताना एवढ्या लांब कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. रविवारी ते भाताच्या कामातून मोकळे होतील, तेव्हा त्यांच्याशी बोलायला मी येळ्ळूरला जाणार आहे.